स्लाइड शोची सूत्रे आपल्या सॉफ्टवेअरच्या हाती कशी द्यावीत?

कोपरीकर (ठाणे पूर्व) :

नमस्कार मंडळी,

ठाण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभासाठी मी एक छोटे डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहीत आहे आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. समारंभाचे स्वरूप असे : सुमारे तीनशे विद्यार्थी, प्रत्येकाची एक स्लाइड, तिच्यावर आधी छायाचित्र येते आणि पुढच्या क्लिकला नाव, इयत्ता व पारितोषिक उमटते. या स्लाइड संस्थेतील शिक्षक स्वतः पॉवरपॉइंटमध्ये तयार करतात आणि अगदी आदल्या रात्रीपर्यंत त्यांत फेरफार चालू असतात. मंचावरून सूत्रसंचालिका ज्याचे नाव पुकारतील त्याचीच स्लाइड पडद्यावर यायला हवी, एवढीच अपेक्षा आहे. परंतु कोणी गैरहजर असतो, कोणी घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकून अर्ध्या तासाने पोहोचतो, प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचे असल्यामुळे दहावीची पारितोषिके ऐनवेळी आधी घेतली जातात, आणि छापील क्रम सुरुवातीलाच मोडतो. सध्या लॅपटॉपवर बसलेली व्यक्ती छापील यादीत स्लाइडचा क्रमांक शोधते, तो कळफलकावर टाइप करते आणि एंटर दाबते.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाइप केली की यादीतले नाव निवडले जाते आणि ‘दाखवा’ हे बटण दाबले की सी शार्पमधील ‘सेंडकीज’ वापरून तो क्रमांक आणि एंटर स्लाइड शोच्या खिडकीकडे पाठवला जातो. अडचण अशी की, बटण दाबताक्षणी फोकस, म्हणजे कळा स्वीकारण्याचा मान, माझ्याच खिडकीकडे असतो, त्यामुळे आकडे माझ्याच शोधचौकटीत उमटतात. शोची खिडकी आधी पुढे आणण्याचा प्रयत्न केला, तर विंडोज कधी ती पुढे आणते, कधी टास्कबारवर नुसतीच लुकलुकवते. शिवाय स्लाइड खरोखर बदलली की नाही, हे माझ्या सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्गच नाही.

कळा न पाठवता स्लाइड शोवर थेट ताबा मिळवण्याची रीतसर पद्धत कोणती, पडद्यावर या क्षणी काय आहे हे कसे ओळखावे, आणि प्रोजेक्टरवर शो व लॅपटॉपवर माझी खिडकी ही विभागणी भरवशाने कशी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ठाण्याच्या शाखेत विंडोज ११ आणि ऑफिस २०१९ आहे. नेरूळच्या शाखेत ऑफिस २०१६ असलेला एक संगणक आणि केवळ लिब्रऑफिस असलेला दुसरा संगणक आहे.

ऐरोली-संकेत :

कोपरीकर, सेंडकीजचा नाद आधी सोडा. कळा या खिडकीकडे जातात, प्रेझेंटेशनकडे जात नाहीत. समोर कोणती खिडकी आहे हे ठरवण्याचा अधिकार विंडोजने मुद्दाम स्वतःकडे ठेवलेला आहे, म्हणूनच तुमची टास्कबार लुकलुकते. पॉवरपॉइंटला स्वतःचे ऑब्जेक्ट मॉडेल (बाहेरून चालवता येणाऱ्या त्याच्या भागांची मांडणी) आहे आणि कॉम ऑटोमेशनच्या, म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्याला आज्ञा देण्याच्या विंडोजमधील व्यवस्थेच्या, मार्गाने ते सी शार्प, पायथन, व्हिज्युअल बेसिक अशा कोणत्याही भाषेतून वापरता येते. त्यात फोकसचा प्रश्नच उद्भवत नाही, तुमची खिडकी पुढे असतानाही शो मागे निमूटपणे हलतो.

मांडणी अशी आहे. ‘ॲप्लिकेशन’ या ऑब्जेक्टखाली ‘प्रेझेंटेशन्स’ हा संग्रह आहे. त्यातील ‘ओपन’ या मेथडला (आज्ञेला) फाइलचा मार्ग आणि तीन होय-नाही मूल्ये द्यावी लागतात : फाइल केवळ वाचनासाठी उघडायची का, तिची बेनामी प्रत उघडायची का, आणि संपादनाची खिडकी दाखवायची का. ही मूल्ये साधी बूलियन नसून ऑफिसच्या ‘एमएसओ-ट्रायस्टेट’ प्रकारची असतात, त्यात ‘होय’ म्हणजे उणे १ आणि ‘नाही’ म्हणजे ०. तुमच्या कामासाठी पहिले ‘होय’ आणि उरलेली दोन्ही ‘नाही’ ठेवा. संपादनाची खिडकी न उघडताही शो व्यवस्थित चालतो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तुमच्या सॉफ्टवेअरला मोकळी जागा मिळते. पॉवरपॉइंट संपूर्ण लपवण्यासाठी ॲप्लिकेशनचा ‘व्हिजिबल’ हा गुणधर्म ‘नाही’ करायला जाल तर एरर येईल, कारण वर्ड व एक्सेलप्रमाणे तशी मुभा पॉवरपॉइंट देत नाही.

फाइल उघडल्यावर प्रेझेंटेशनच्या ‘स्लाइडशोसेटिंग्ज’मधील ‘रन’ ही मेथड बोलावली की शो सुरू होतो आणि तुमच्या हाती ‘स्लाइडशोविंडो’ येते. तिच्यातील ‘व्ह्यू’ हीच खरी किल्ली आहे. ‘नेक्स्ट’, ‘प्रीव्हियस’, ‘फर्स्ट’, ‘लास्ट’, ‘गोटूस्लाइड’ आणि ‘एक्झिट’ या सगळ्या मेथड तिथे आहेत. ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढची स्लाइड नव्हे, तर पुढची पायरी, म्हणजे तुमच्या प्रत्येक स्लाइडवर छायाचित्र व नाव अशा दोन पायऱ्या असल्यामुळे पहिल्या ‘नेक्स्ट’ला नाव येईल आणि दुसऱ्याला पुढचा विद्यार्थी. म्हणून ‘दाखवा’ या बटणामागे ‘गोटूस्लाइड’ ठेवा आणि ‘नाव उमटवा’ असे वेगळे बटण देऊन त्यामागे ‘नेक्स्ट’ ठेवा. शेवटच्या स्लाइडनंतर पॉवरपॉइंट काळा पडदा दाखवतो आणि व्ह्यूची ‘स्टेट’ ५, म्हणजे ‘पूर्ण’, होते. त्यानंतर आणखी एक ‘नेक्स्ट’ दिलात की शो बंद होतो आणि तुमच्या हातातला व्ह्यू निर्जीव होऊन त्याला पुढे काहीही विचारले तरी एररच मिळते. ‘नेक्स्ट’ बोलावण्याआधी स्टेट तपासण्याची सवय ठेवा. याच स्टेटला ३ हे मूल्य दिले की पडदा काळा होतो आणि १ दिले की शो पुन्हा दिसू लागतो. पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळी हे उपयोगी पडते.

आता तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग, तो म्हणजे पडद्यावर काय आहे हे ओळखणे. इथे बहुतेक जण स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ‘चालू क्रमांक’ असा एक व्हेरिएबल ठेवतात आणि बटण दाबले की तो बदलतात. हे अजिबात करू नये, असे माझे ठाम मत आहे. मंचावरच्या व्यक्तीच्या हाती क्लिकर असेल, कोणी लॅपटॉपची बाणाची कळ दाबेल, एखाद्या स्लाइडला आपोआप पुढे जाण्याची वेळ लावलेली असेल, आणि तुमचा व्हेरिएबल वस्तुस्थितीपासून तुटेल. आज्ञा तुम्ही द्या, पण स्थिती मात्र पॉवरपॉइंटकडूनच ऐका. त्यासाठी ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट ‘स्लाइडशोबिगिन’, ‘स्लाइडशोनेक्स्टस्लाइड’, ‘स्लाइडशोनेक्स्टक्लिक’ आणि ‘स्लाइडशोएंड’ हे इव्हेंट, म्हणजे घटना घडताच मिळणाऱ्या सूचना, देतो. यांतला दुसरा इव्हेंट स्लाइड बदलण्याच्या संक्रमणाआधी लगेच येतो आणि सोबत शोची खिडकी देतो. तिच्या व्ह्यूमधून त्या स्लाइडचा क्रमांक वाचून तुमच्या यादीतील नाव ठळक करा. स्लाइड कोणीही बदललेली असो, यादी खरेच सांगेल. हे इव्हेंट बहुधा तुमच्या मुख्य थ्रेडवर (खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) येत नाहीत, त्यामुळे तिथून थेट यादीला हात न लावता ‘बिगिनइन्व्होक’मार्फत काम मुख्य थ्रेडकडे सोपवा.

क्रमांकांबद्दल एक सावधगिरी. शिक्षकांनी आदल्या रात्री मध्येच एक स्लाइड घातली की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. प्रत्येक स्लाइडला क्रमांकाखेरीज ‘स्लाइडआयडी’ नावाची कायमची ओळख असते, जी स्लाइड वर-खाली हलवली तरी बदलत नाही, आणि ‘फाइंडबायस्लाइडआयडी’ने त्या ओळखीवरून स्लाइड शोधता येते. याशिवाय स्लाइडच्या ‘टॅग्ज’मध्ये तुम्ही विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक लिहून ठेवू शकता. तो कुठेही दिसत नाही, पण फाइलबरोबर जतन होतो. टॅगचे नाव पॉवरपॉइंट मोठ्या रोमन अक्षरांत बदलून ठेवतो, तेवढे तुलना करताना लक्षात असू द्या.

पॉवरपॉइंट दुसऱ्या कामात गुंतलेला असेल किंवा त्याने एखादी संवादचौकट उघडून ठेवलेली असेल, तर तुमची हाक तो नाकारतो आणि ८००१०००१ हा षोडशमान त्रुटिक्रमांक परत येतो. सगळीकडे ‘ट्राय-कॅच’ लावून थोडा वेळ झोपण्यापेक्षा कॉमचा मेसेज फिल्टर (नाकारलेल्या हाकेचे पुढे काय करायचे ते ठरवणारा भाग) नोंदवावा. त्यातील ‘रिट्रायरिजेक्टेडकॉल’ या मेथडने १०० किंवा त्याहून मोठी संख्या परत केली की कॉम तितके मिलिसेकंद थांबून स्वतःच पुन्हा विचारतो, आणि उणे १ परत केले की नाद सोडतो. हा फिल्टर केवळ एसटीए (सिंगल-थ्रेडेड अपार्टमेंट) प्रकारच्या थ्रेडवर चालतो. विंडोज फॉर्म्सचा मुख्य थ्रेड तसाच असतो, त्यामुळे सगळ्या आज्ञा तिथूनच द्या. ॲप्लिकेशनच्या ‘डिस्प्लेॲलर्ट्स’लाही १, म्हणजे ‘सूचना नकोत’, हे मूल्य देऊन ठेवा.

शेवटी आवराआवर. एका वापरकर्त्याच्या सत्रात पॉवरपॉइंटची एकच प्रोसेस, म्हणजे चालू प्रत, असते. तुम्ही ‘न्यू’ लिहून नवीन ॲप्लिकेशन मागितले, तरी आधीपासून पॉवरपॉइंट चालू असेल तर तोच तुम्हाला मिळतो. याचा अर्थ असा की, तुम्ही निरोपाला ‘क्विट’ म्हणालात आणि त्याच वेळी मुख्याध्यापिकांचे दुसरे प्रेझेंटेशन उघडे असेल, तर त्यालाही निरोप मिळेल. स्वतः उघडलेले प्रेझेंटेशन तेवढे ‘क्लोज’ करा, मग ‘प्रेझेंटेशन्स’ची संख्या शून्य आहे का ते पाहा, आणि असेल तरच ‘क्विट’ करा. प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये रेंगाळत असेल तर कुठेतरी कॉम ऑब्जेक्टचा रेफरन्स (न सोडलेला दुवा) अडकलेला आहे असे समजा. ‘फॉरईच’ने स्लाइडच्या संग्रहावरून फिरताना किंवा एकाच ओळीत तीन-चार टिंबे जोडून लिहिताना असे रेफरन्स नकळत तयार होतात.

ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींची अंतर्गत आवृत्ती १६ हीच असल्यामुळे त्या दोन शाखांसाठी वेगळा संकेत (कोड) लिहावा लागणार नाही. ऑफिस ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, यानेही फरक पडत नाही, कारण पॉवरपॉइंट तुमच्या प्रोसेसच्या बाहेर चालतो. जुन्या चर्चांमध्ये पॉवरपॉइंट व्ह्यूअर वापरण्याचा सल्ला आढळेल, तिकडे वळू नका : त्याला ऑब्जेक्ट मॉडेल नव्हते आणि मायक्रोसॉफ्टने तो एप्रिल २०१८ मध्ये बंदही केला.

पडद्यामागून (वाशी) :

संकेत लिहिणे हे माझे काम नाही. वाशी, नेरूळ, ठाणे या पट्ट्यातल्या सभागृहांत मी पडदा, प्रोजेक्टर आणि ध्वनियोजना सांभाळतो, म्हणून फक्त त्या बाजूचे लिहितो.

विंडोजमध्ये ‘डुप्लिकेट’ नव्हे तर ‘एक्स्टेंड’ निवडा, हे तुम्ही कराल हे गृहीत धरतो. पण त्यानंतर प्रेझेंटर व्ह्यू आठवणीने बंद करा. तो चालू राहिला तर लॅपटॉपच्या पडद्यावर पुढची स्लाइड, टिपा आणि घड्याळ असलेली भलीमोठी खिडकी पसरते व तुमचे सॉफ्टवेअर तिच्याखाली गाडले जाते. शो कोणत्या पडद्यावर दाखवायचा हे पॉवरपॉइंटमध्ये ‘स्लाइड शो’ टॅबवर ‘मॉनिटर’ या खान्यात ठरते. तो ‘ऑटोमॅटिक’वर न ठेवता प्रोजेक्टर स्वतः निवडून ठेवावा. सभागृहात कोणी मध्येच एचडीएमआयची तार काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली आणि परत तुमच्याकडे आणली, तर विंडोज पडद्यांची मांडणी नव्याने करते. त्या वेळी चालू असलेला शो लॅपटॉपवर उडी मारून तुमची खिडकी झाकू शकतो. यावर माझा उपाय साधा आहे : कार्यक्रमाच्या सगळ्या लॅपटॉपसाठी स्विचर (कोणत्या लॅपटॉपचे चित्र प्रोजेक्टरवर जाईल ते बदलणारे उपकरण) लावायचा आणि तुमच्या लॅपटॉपची तार कार्यक्रम संपेपर्यंत कोणी हलवायची नाही.

दुसरी गोष्ट फॉन्टची. शिक्षकांनी मराठी नावे युनिकोडमध्ये टाइप केली आहेत की जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, हे आधी विचारून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की नावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि पालक ती मोबाइलवर टिपतात. युनिकोड असले तरी विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट सरसकट येत नाहीत, ते ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक सुविधेतून घ्यावे लागतात. निर्मला यूआय मात्र मुळातच असतो. फॉन्ट बदलला की अक्षरे गायब होत नाहीत, पण ओळ लांब होते आणि लांब आडनाव चौकटीबाहेर जाते.

आणि एक विनंती. तुमचे सॉफ्टवेअर कितीही चांगले झाले तरी कळफलक आणि क्लिकर बंद करू नका. क्लिकर पेज अप आणि पेज डाउन याच कळा पाठवतो, त्या चालू राहू द्या. तुमचे सॉफ्टवेअर अडले तर ऑपरेटरच्या हातात काहीतरी उरले पाहिजे.

कोपरीकर :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ऐरोली-संकेत यांच्या सांगण्याप्रमाणे सेंडकीजचा सगळा भाग काढून टाकला आणि ‘गोटूस्लाइड’ पहिल्या फटक्यात चालले. इव्हेंटमुळे यादीतले नाव आपोआप ठळक होताना पाहून संस्थेचे लोकही खूश झाले. क्लिकर अर्थातच चालू ठेवला आहे, आणि आता तो दाबला तरी यादी बरोबर सरकते.

तीन शंका उरल्या आहेत. एखाद्या विद्यार्थ्याची स्लाइड चुकून दाखवली गेली, तो गैरहजर निघाला आणि नंतर आला, तर दुसऱ्यांदा ती स्लाइड पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे केवळ छायाचित्रापासून, सुरू होईल का? दुसरी शंका अशी की, संस्थेचे एक विश्वस्त सुचवत आहेत की हा सगळा भाग सर्व्हरवर विंडोज सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, म्हणून ठेवावा आणि शिक्षकांनी मोबाइलवरच्या ब्राउझरमधून तो चालवावा. आणि तिसरी, नेरूळच्या लिब्रऑफिस असलेल्या संगणकाचे काय करावे?

ऐरोली-संकेत :

पहिल्या शंकेचे उत्तर ‘गोटूस्लाइड’च्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये आहे. ‘रिसेटस्लाइड’ असे त्याचे नाव असून त्याचे मूळ मूल्य ‘होय’ आहे, म्हणजे परत येताना ॲनिमेशन पहिल्यापासून सुरू होते. तुम्हाला हेच हवे आहे, तेव्हा ते मूल्य देण्याचीही गरज नाही. ‘नाही’ दिले तर स्लाइड जिथे सोडली होती तिथून पुढे चालते.

विंडोज सर्व्हिसचा विचार मात्र विश्वस्तांना नम्रपणे नाकारावा लागेल. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस सत्र शून्यात चालतात आणि लॉगिन केलेल्या माणसाचा पडदा वेगळ्या सत्रात असतो, त्यामुळे सर्व्हिसने उघडलेला शो प्रोजेक्टरवर दिसणारच नाही. शिवाय कोणी समोर बसलेले नसताना ऑफिसचे प्रोग्रॅम सर्व्हिसमधून चालवणे मायक्रोसॉफ्ट पुरस्कृत करत नाही, कारण एखादी संवादचौकट उघडली तर ती बंद करायला कोणी नसते. मोबाइलवरून चालवायचेच असेल तर तुमच्याच डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा वेब सर्व्हर ठेवा. मोबाइलवरून आलेली विनंती त्याने मुख्य थ्रेडकडे द्यावी आणि तिथून ‘गोटूस्लाइड’ व्हावे. त्यासाठी सभागृहाच्या वाय-फायवर विसंबू नका, वेगळा राउटर न्या, आणि ते पान उघडायला पासवर्ड ठेवा. सभागृहात तीनशे विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, एवढे सांगितले तरी विश्वस्तांना मुद्दा पटेल.

जाता जाता : तुमचे सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडू नका. पॉवरपॉइंट साध्या अधिकारांनी आणि तुमचे सॉफ्टवेअर वरच्या अधिकारांनी चालत असेल तर आधीच उघडलेला पॉवरपॉइंट तुम्हाला सापडत नाही. चालू असलेला पॉवरपॉइंट पकडण्यासाठी ‘गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट’ वापरण्याचा बेत असेल, तर डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये ती मेथड आहे, डॉट नेट ५ आणि पुढच्या आवृत्त्यांत नाही. तिथे विंडोजच्या ओलेऑट३२ या लायब्ररीतील मूळ फंक्शन स्वतः बोलवावे लागते.

बेलापूरची लिनक्सवाली :

लिब्रऑफिसचे मी सांगते. त्यातल्या इम्प्रेस या स्लाइडच्या प्रोग्रॅममध्येही हे सगळे करता येते, तिथे कॉमऐवजी यूनो नावाची व्यवस्था आहे आणि ती विंडोज व लिनक्स दोन्हींवर सारखीच चालते. लिब्रऑफिस सुरू करताना ‘ॲक्सेप्ट’ हा पर्याय देऊन एखादे पोर्ट, बहुतेक उदाहरणांत २००२, उघडे ठेवायचे आणि आपल्या प्रोग्रॅमने त्यावर जोडणी करायची. पायथनमधून हे फार सुटसुटीत होते, आणि मी तसेच वापरते. पोर्ट ‘लोकलहोस्ट’पुरतेच मर्यादित ठेवा.

फाइल उघडल्यावर तिच्याकडून ‘प्रेझेंटेशन’ ऑब्जेक्ट घ्यावा, ‘स्टार्ट’ म्हणावे आणि मग ‘गेटकंट्रोलर’ने नियंत्रक मागावा. इथे घाई करू नका. ‘स्टार्ट’ परत आले म्हणजे शो उभा राहिला असे नसते, आणि त्या क्षणी नियंत्रक मागितला तर हाती काहीच येत नाही. तो मिळेपर्यंत थोडे थोडे थांबून पुन्हा विचारत राहावे. एकदा मिळाला की ‘गोटूस्लाइडइंडेक्स’, ‘गोटूनेक्स्टइफेक्ट’, ‘गोटूप्रीव्हियसइफेक्ट’, ‘ब्लँकस्क्रीन’ आणि ‘रिझ्यूम’ या मेथड तिथे आहेत. ‘नेक्स्टइफेक्ट’ आणि ‘नेक्स्टस्लाइड’ अशी दोन वेगळी नावे असल्यामुळे पॉवरपॉइंटमधला तो ‘नेक्स्ट’चा घोळ इथे नाही, हे मला व्यक्तिशः जास्त पटते. स्थिती ऐकण्यासाठी नियंत्रकावर लिसनरही (बदलाची सूचना घेणारा भाग) लावता येतो.

एक फरक पक्का लक्षात ठेवा : पॉवरपॉइंट स्लाइड १ पासून मोजतो आणि यूनो ० पासून. दोन्हींसाठी एकच यादी वापरणार असाल तर ही वजाबाकी एकाच ठिकाणी करा, नाहीतर नेरूळमध्ये प्रत्येक मुलाच्या नावावर पुढच्या मुलाचे छायाचित्र येईल.

पॉवरपॉइंटची फाइल इम्प्रेसमध्ये उघडली की काही ॲनिमेशन आणि अक्षरांच्या जागा थोड्या बदलतात. छायाचित्र आणि मग नाव, एवढ्यापुरता ‘अपिअर’सारखा साधा परिणाम ठेवलात तर अडचण येऊ नये, पण तीनशे स्लाइड एकदा डोळ्यांखालून घालाव्याच लागतील.

मानपाडा-७ :

एक वेगळा विचार मांडतो. स्लाइडवर छायाचित्र, नाव आणि पारितोषिक एवढेच असेल तर कार्यक्रमाच्या वेळी पॉवरपॉइंट चालू ठेवण्याची गरज काय? स्लाइडला ‘एक्सपोर्ट’ ही मेथड आहे. तिला ‘पीएनजी’ हा प्रकार आणि १९२० बाय १०८० हे माप द्या, सगळ्या स्लाइडची चित्रे आदल्या दिवशी काढून ठेवा, आणि कार्यक्रमात तुमच्या सॉफ्टवेअरनेच दुसऱ्या पडद्यावर बिनकिनारीच्या फॉर्ममध्ये ती दाखवावीत. मेसेज फिल्टर नको, अडकलेले रेफरन्स नकोत, फॉन्टची चिंता नको, आणि नेरूळला लिब्रऑफिस असो वा नसो, काही बिघडत नाही.

ऐरोली-संकेत :

मानपाडा-७ यांचा मार्ग भक्कम आहे आणि स्थिर स्लाइडसाठी मीही तोच निवडला असता. पण कोपरीकरांच्या प्रश्नात दोन गोष्टी त्याच्या आड येतात. चित्र काढले की ॲनिमेशन संपले, म्हणजे आधी छायाचित्र आणि मग नाव हा टप्पा त्यांना स्वतः लिहावा लागेल. दुसरे असे की, शिक्षक सभागृहात बसूनही एखाद्या नावाची वेलांटी सुधारतात, आणि प्रत्येक सुधारणेनंतर चित्रे पुन्हा काढायचे कोणीतरी लक्षात ठेवावे लागेल. माझ्या मते मुख्य मार्ग ऑटोमेशनचाच ठेवावा आणि पीएनजीचा संच बाजूला तयार असावा. शो काही कारणाने बंद पडला, म्हणजे ‘स्लाइडशोएंड’ हा इव्हेंट अनपेक्षितपणे आला, तर सॉफ्टवेअरने ‘चित्रांवर जा’ असे मोठे बटण दाखवावे. आपोआप बदल मात्र करू नये, तो निर्णय समोर बसलेल्या माणसाचा असू द्या.

कोपरीकर :

आजच्या रंगीत तालमीत दोन्ही मार्ग लावून पाहिले. ऑटोमेशन मुख्य आणि पीएनजी राखीव, हीच रचना ठेवत आहे. नेरूळच्या लिब्रऑफिसच्या संगणकावर ताईंची यूनोची वाट न धरता केवळ चित्रे दाखवणार आहे, कारण तिथे जेमतेम चाळीस विद्यार्थी आहेत आणि मला तीनशे स्लाइड दोनदा तपासायच्या नाहीत. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

तालमीत एक विचित्र गोष्ट आढळली. मी प्रत्येक स्लाइडच्या टॅगमध्ये हजेरी क्रमांक लिहून ठेवला होता. एका नव्या विद्यार्थिनीचे नाव यादीत निवडले की पडद्यावर दुसऱ्याच मुलाची स्लाइड येते. फाइलमध्ये दोन्ही स्लाइड वेगवेगळ्या आणि बरोबर आहेत. हे कसे होत असावे?

ऐरोली-संकेत :

शिक्षकांनी नवी स्लाइड कंट्रोल आणि डी या कळांनी, म्हणजे जुन्या स्लाइडची नक्कल करून बनवली असणार. नक्कल करताना पॉवरपॉइंट टॅगही सोबत नेतो, त्यामुळे दोन स्लाइडवर एकच हजेरी क्रमांक बसतो आणि तुमचा शोध पहिल्या सापडलेल्या स्लाइडवर थांबतो. स्लाइडआयडी मात्र नकलेला नवीन मिळतो. म्हणून टॅग लिहिताना हजेरी क्रमांकासोबत त्या वेळचा स्लाइडआयडीही दुसऱ्या टॅगमध्ये लिहून ठेवा. फाइल उघडताना ज्या स्लाइडचा खरा आयडी आणि टॅगमधला आयडी जुळत नाही, ती नक्कल आहे असे समजून तिला ‘अनोळखी’ म्हणून यादीच्या वर लाल रंगात दाखवा आणि ऑपरेटरला हजेरी क्रमांक विचारा. शीर्षकाच्या चौकटीतून नाव वाचण्याचा मोह होईल, पण ‘हॅजटायटल’ आधी तपासा. बहुतेक शिक्षक शीर्षकाची चौकट पुसून तिथे साधी टेक्स्ट बॉक्स ठेवतात.

कोपरीकर :

अगदी तसेच निघाले. नकलेच्या अशा आणखी चार स्लाइड सापडल्या, त्या आता लाल दिसत आहेत आणि संस्थेच्या लिपिक बाई हजेरीपट घेऊन शेजारी बसल्या आहेत.